मागं काही राहत नाही

राजारामपुरीत शशिधर हत्तरगीचा नेट कॅफे होता आणि त्याच्या दारावर हिरव्या अक्षरांत एक पाटी होती : 'येथे आपले मागे काही राहत नाही.' नव्या माणसाला वाटायचं, छत्री किंवा पिशवी विसरू नका असं काहीतरी म्हणायचं असणार. आत गेल्यावर कळायचं की पाटी संगणकाबद्दल आहे. २००५ साल होतं. घरी संगणक असणारी माणसं कोल्हापुरात तेव्हा थोडी होती, आणि कॅफे म्हटलं की घरातली वडीलधारी भुवया वर करायची. प्लायवूडचे खोके, त्यांना निम्मी दारं, आत कोण काय बघतंय कुणाला ठाऊक. शशिधरला त्या भुवयांचा भारी राग. आपला कॅफे तसला नाही, हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

संगणकाच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर त्याला तो ब्राउझर सापडला होता. नाव 'ब्लँकेट'. नेटवरची पानं ज्यातून बघायची ते साधन म्हणजे ब्राउझर, आणि बाकीचे ब्राउझर तुम्ही काय बघितलंत ते ध्यानात ठेवायचे. तुमच्यानंतर बसलेल्यानं एक अक्षर दाबलं की तुमची सगळी यादी त्याच्यासमोर हजर. ब्लँकेटचं तसं नव्हतं. बंद करताना तो होतं नव्हतं ते पुसून टाकायचा आणि 'काहीही मागे राहिले नाही' असं इंग्रजीत सांगायचा. शशिधरनं तो सहाही खोक्यांत बसवला, त्या वाक्याची पाटी रंगवून घेतली, आणि गिऱ्हाइकांनी ब्लँकेटचं नाव घोंगडी ठेवलं. 'घोंगडीवालं मशीन द्या' असं माणसं बिनदिक्कत मागू लागली.

घोंगडीमुळं एरवी कॅफेची पायरी न चढणारी माणसं आली. पालिकेच्या शाळेतल्या चिमणाबाई त्यांतल्याच. वय पन्नाशीचं, टाइप करायचं ते एका बोटानं, अक्षर शोधत शोधत. पैसे देताना त्या दर वेळी विचारायच्या, 'सगळं पुसलं न्हवं?' आणि शशिधर दर वेळी म्हणायचा, 'काय बी राहत न्हाय, बाई.' मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि त्या पदर सावरत पायऱ्या उतरायच्या.

आता पाटीवर नसलेली एक गोष्ट. शशिधरच्या काउंटरवरच्या संगणकावर सहा छोटे चौकोन असायचे, आणि प्रत्येक चौकोनात एकेका खोक्याचा पडदा जसाच्या तसा दिसायचा. कुणी नको ते बघत बसू नये म्हणून हे सॉफ्टवेअर त्यानं कॅफे काढला तेव्हाच बसवून घेतलं होतं. बऱ्याच कॅफेवाल्यांकडं असायचं. चौकोनावर टिचकी मारली की तो मोठा व्हायचा आणि आतली अक्षरं नीट वाचता यायची. घोंगडी आल्यावर हे काढून टाकावं असं त्याच्या मनात आलं होतं. आलं आणि गेलं. पुसतो म्हणून सांगितलंय आणि पुसतोयच की, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि दुसऱ्याला समजावण्यापेक्षा हे काम फार सोपं असतं.

त्याची बायको भूमिका एकदा डबा घेऊन आली तेव्हा तिनं ते चौकोन बघितले. ह्या लोकांना ठाऊक आहे का, असं तिनं विचारलं. सगळीकडंच असतंय, असं शशिधर म्हणाला. मग पाटी कशाला लावलीसा, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. बघितलेलं तो कधी कुणाला सांगत नसे, त्याचा गैरफायदा घेत नसे. फक्त बघायचा. चिमणाबाई एका बोटानं काय शोधतात ते त्याला माहीत होतं. छातीत गाठ होती, घरी कुणाला सांगितली नव्हती, आणि दुखत नसेल तर ती साधी असते का, असं त्या पुन्हा पुन्हा शोधायच्या. शशिधरला वाईट वाटायचं. वाईट वाटतंय म्हणजे आपण चांगले आहोत, असंही वाटायचं. सगळ्यांचं गुपित आपल्या पोटात सुखरूप आहे, ह्याचा त्याला हळूहळू अभिमानच वाटू लागला होता.

रक्षिता आली ती त्या उन्हाळ्यात. उचगावात भुसार मालाचं दुकान असलेल्या नागाप्पा घुगरींची ती थोरली मुलगी. बी.एस्सी.ची परीक्षा नुकतीच संपली होती. लायब्ररीत जाते म्हणून सांगून ती बसनं यायची आणि चारच्या सुमाराला तिसऱ्या खोक्यात बसायची. शशिधरला ती अण्णा म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

नागाप्पा मुलीला त्रास देणारे बाप नव्हते. शिकवलं, फी भरली, तिला संगणकाच्या क्लासलाही घातलं. पण बी.एस्सी. झाली की लग्न, हे त्यांनी ती दहावीत असतानाच ठरवलेलं, आणि एकदा दिलेला भाव बदलायचा नाही ही दुकानातली रीत ते घरातही चालवायचे. रक्षिताला बंगळूरच्या एका संस्थेत एम.एस्सी. करायची होती. तिथं वसतिगृह होतं, शिष्यवृत्ती होती, बापाकडं हात पसरायचं कारण नव्हतं. तिचा बेत पक्का होता. आधी प्रवेश हातात घ्यायचा, मग राधानगरीच्या मामाला बोलवायचं, आणि मामाला शेजारी बसवून अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगायचं. मामाचा शब्द अप्पा मोडत नसत. पण हातात काही नसताना अप्पांच्या कानावर गेलं तर ते नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावर मामा काय, कुणी आलं तरी उपयोग नव्हता. तोवर कुणालाही कळता कामा नये, एवढ्यावरच सगळं अवलंबून होतं.

म्हणून तिनं घोंगडीची परीक्षा घेतली. पोरगी रसायनशास्त्राची, कुणाच्या शब्दावर विसंबणारी नव्हती. पहिले काही दिवस तिनं कामाचं काहीच उघडलं नाही. उगाच भाज्यांच्या कृती बघायची, बंद करायची, पुन्हा उघडून खाणाखुणा शोधायची. एकदा बहिणीला आणून आपल्या जागी बसवलं आणि मी काय बघत होते ते शोधून काढ म्हणाली. बहिणीला काही सापडलं नाही. मग तिनं शशिधरला विचारलं, हे बनवतं कोण, आणि फुकट का देतात? फुकट देतात म्हणजे कुठंतरी वसूल करत असणार, असं तिचं म्हणणं. परदेशातली माणसं आहेत, त्यांना आपलं काय पडलंय, असं शशिधर म्हणाला. तिला ते पटलं. परदेशातल्या माणसाला माझा फॉर्म दिसला तरी तो उचगावला येऊन अप्पांना सांगणार नाही, असं म्हणून ती हसली. शशिधरही हसला.

हसताना त्याच्यासमोर तिसरा चौकोन उघडाच होता.

त्यानंतर रक्षितानं फॉर्म भरला, निबंध लिहिला, सरांची शिफारस मागवली. शशिधर हे सगळं काउंटरवरून बघत होता. निबंधात एक शब्द चुकला होता तेव्हा तो अस्वस्थ झाला, आणि दुसऱ्या दिवशी तिनं तो आपण होऊन दुरुस्त केला तेव्हा त्यानं स्वतःसाठी जादा चहा मागवला. तिला मिळावं असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. घरी भूमिकाला तो म्हणालाही, एक पोरगी लई पुढं जाणार हाय बघ. कुठली, असं तिनं विचारलं तेव्हा तो हात धुवायला उठला.

आणि मग कुरुंदवाडचे पावणे आले.

सोमशेखर पाटील हे लग्नाच्या मुलाचे चुलते. नागाप्पांच्या थोरलीचं स्थळ त्यांना सुचवलेलं होतं आणि ते चौकशीला निघाले होते. आमच्याकडं स्थळाची चौकशी कशी असते ते सांगायला हवं. पावणा मुलीच्या घरी जायच्या आधी तिच्या घराभोवतीनं हिंडतो. किराणावाला, पिठाची गिरणी, कॉलेजचा शिपाई, सगळ्यांकडं काही ना काही निमित्त काढून टेकतो आणि दोन शब्द काढून घेतो. आणि ह्या चौकशीत सगळ्यात वाईट उत्तर कुठलं, तर 'मला काही माहीत नाही' हे. मुलीला नावं ठेवलीत तर पावणा एकवेळ तुमचं तिच्या घराशी वाकडं असेल म्हणून सोडून देईल. पण माहीत नाही म्हणालात की त्यानं समजायचं ते समजलं. शशिधरच्या चुलतबहिणीचं जमत आलेलं लग्न असंच मोडलं होतं. गिरणीवाला दळणाच्या गडबडीत होता, 'आमाला काय ठावं न्हाय' म्हणाला, आणि पावणे परस्पर माघारी गेले. पुढं दोन वर्षं त्या पोरीत काय खोट आहे ह्याचा शोध सगळं गाव घेत होतं.

सोमशेखर कॅफेत आले ते एक मेल पाठवायचा आहे म्हणून. कुणाला पाठवायचा ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. शशिधरनं ओळखलं. या पावणं, बसा म्हणाला, समोरून चहा मागवला. ऊस, पाऊस, मठातली पालखी असं सगळं झाल्यावर सोमशेखरांनी बशीत चहा ओतला.

"नागाप्पांची थोरली हितं येती म्हणं रोज."

"येती की. लई गुणी पोरगी."

"गुणी हाय हे समदीच सांगत्यात. तास तास खोक्यात बसून करती काय ते कोण सांगत न्हाय."

शशिधरनं मनात हिशेब केला. मला काय ठाऊक, असं म्हटलं की ही पोरगी आयुष्यातून उठली. उद्या कुरुंदवाडात, परवा उचगावात, पोरगी नेटवर पोरांशी बोलते असं होणार. त्याला गिरणीवाला आठवला, बहीण आठवली. तिला सांभाळायचं म्हणूनच त्यानं तोंड उघडलं, हे खरं आहे. पण आपल्याला ठाऊक आहे आणि दुसऱ्या कुणालाच नाही, ह्याचा गोडवाही जिभेवर होता, आणि तेही तितकंच खरं आहे.

"तसलं काय न्हाय, पावणं," तो म्हणाला. "माझं बारीक लक्ष असतंय. चॅटिंग न्हाय, पोरं न्हाईत. नुसता अभ्यास. बंगळूरला एम.एस्सी.चा फॉर्म भरलाय तिनं, स्कॉलरशिप बी मिळणार बघा."

सोमशेखरांची बशी ओठांपाशी थांबली. "बंगळूरला? नागाप्पा तर काय बोलले न्हाईत."

अजून काही नक्की नाही, घरी ठाऊक नसेल, हे आपल्यातच राहू द्या, असं शशिधर घाईघाईनं बोलत सुटला. सोमशेखर 'अर्थात' म्हणाले. आमच्याकडं 'आपल्यातच' म्हटलं की त्यात बरीच माणसं मावतात, हे शशिधरला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रक्षिता आली तेव्हा तिला सगळं सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलेलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. अजून वेळ होता, आजच्या आज मामाला फोन केला असता तर काही हाती लागलं असतं. पण सांगायचं म्हणजे आपल्याला कसं ठाऊक हेही सांगायचं. ती तिसऱ्या खोक्यात गेली आणि त्यानं पहिल्यांदाच तो चौकोन बंद केला. थोडा वेळ रस्त्याकडं बघत बसला. मग राहवेना, म्हणून पुन्हा उघडला. पडद्यावर संस्थेचं पत्र होतं. तिला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसह.

म्हणजे ती खोक्यातून बाहेर यायच्या आधीच त्याला कळलं होतं. ती आली ती डोळे पुसत, हसत.

"अण्णा, तुमच्या घोंगडीचे लई उपकार आहेत माझ्यावर."

"कशाबद्दल गं?" शशिधर म्हणाला.

हे 'कशाबद्दल' त्याला पुढं कधीच विसरता आलं नाही. ती म्हणाली, रविवारी मामा आले की सांगेन, तुम्हाला पेढे घेऊन येईन. तो बरं म्हणाला. सोमशेखर भला माणूस आहे, नाही बोलायचा, असं म्हणत त्यानं संध्याकाळी शटर ओढलं आणि रात्री जेवण गेलं नाही तेव्हा पित्त झालंय असं भूमिकाला सांगितलं.

सोमशेखर खरोखरच भले गृहस्थ होते. पोरगी चोख आहे अशी त्यांची खात्री झाली होती, तेव्हा उशीर नको म्हणून ते रविवारच्या आधीच उचगावला नागाप्पांच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी विचारलं, पोरीला बंगळूरला धाडताय असं कॅफेवाला म्हणतोय, मग आम्ही थांबायचं का कसं? नागाप्पांच्या हातात मापटं होतं. आपल्या घरातली गोष्ट वरपक्षाच्या तोंडून ऐकायची वेळ कुठल्याच बापावर येऊ नये. तसलं काही नाही, असं ते म्हणाले, आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी लग्नाच्या सुपारीची तारीख धरली. मामाला निरोप गेलाच नाही.

हे सगळं शशिधरला कळलं ते सोमवारी, नागाप्पांच्याच तोंडून. कपाळावर विभूतीची बोटं, हातात कापडी पिशवी, मागं रक्षिता. कॅफेत तेव्हा पाचव्या खोक्यातल्या चिमणाबाई सोडल्या तर कुणी नव्हतं. नागाप्पांनी काउंटरसमोर उभं राहून दोन्ही हात जोडले.

"तुमी लक्ष ठेवलासा म्हणून कळलं," ते म्हणाले. "न्हायतर पोरगी हातातनं गेली असती. सख्खा माणूस करणार न्हाय एवढं केलासा."

आणि पिशवी काउंटरवर ठेवली. तूरडाळ होती, घरच्यासाठी बाजूला काढलेली. शशिधरनं ती घ्यायलाही हात पुढं केला नाही आणि सरकवायलाही नाही. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. रक्षिता त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत अजून राग नव्हता. अण्णांना कुठून कळलं असेल हे तिला अजून नीट समजत नव्हतं. अण्णांना आपण काही बोललो का, हे ती आठवत होती.

संस्थेला नकार कळवायचा होता. रक्षिता लिहायला तयार नव्हती. मग तुम्हीच लिहा, असं नागाप्पांनी शशिधरला सांगितलं. नाही म्हणायला त्याच्याकडं कारण होतं, तोंड नव्हतं. तो तिसऱ्या खोक्यात जाऊन बसला, बापलेक त्याच्या मागं उभी राहिली. त्यानं घोंगडी उघडली, मेलचं पान उघडलं, आणि बोटं आपसूक चालली. रक्षिताचा मेलचा पत्ता साधा नव्हता. आडनाव, मग आजीचं नाव, मग मधेच एक आकडा. बोटांनी तो न अडखळता लिहिला.

"पत्ता मी अजून सांगितला नाही," मागून रक्षिता म्हणाली.

"बघ, किती ध्यान असतंय त्यांचं," नागाप्पा म्हणाले.

रक्षिता हळू आवाजात म्हणाली, "पासवर्ड पण तुम्हीच टाका की. येतच असंल."

"न्हाय न्हाय," तो वळून घाईनं म्हणाला. "तितं नुसतं ठिपकं दिसत्यात."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. रक्षिता खोक्यातून बाहेर पडली आणि सरळ काउंटरच्या आत गेली. तिथं आजवर कुठलंच गिऱ्हाईक गेलं नव्हतं. सहा चौकोन चालू होते. तिसऱ्यात तिचाच पत्ता होता, पासवर्डची वाट बघत. पाचव्यात चिमणाबाई एका बोटानं इंग्रजीत विचारत होत्या, गाठ मोठी होत असेल तर किती दिवस थांबलं तर चालतं. रक्षितानं ते वाचलं असेल तर पहिले दोन शब्दच. लगेच तिनं मान वळवली आणि भिंतीकडं बघत उभी राहिली.

शशिधर ते खोक्याच्या दारातून बघत होता. अशी मान वळवता येते, हे त्याला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. कुणी शिकवायला लागावं अशी ती गोष्टच नव्हती.

ती परत आली, त्याला उठवलं आणि स्वतः बसली. पासवर्ड टाकला. दोन ओळी लिहिल्या. नागाप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. बरोबर लिहिलंय न्हवं, असं त्यांनी शशिधरला विचारलं. म्हणजे आता बघणं हे त्याचं कामच झालं होतं. त्यानं वाचलं. तिनं संस्थेचे आभार मानले होते आणि येऊ शकत नाही एवढंच कळवलं होतं. कारण दिलं नव्हतं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. तिनं मेल पाठवला. घोंगडी बंद केली. काहीही मागे राहिले नाही, असं पडद्यावर आलं.

"घोंगडीनं कुणाला काही सांगितलं नाही, अण्णा," ती पडद्याकडं बघतच म्हणाली. "मी हिलाच तेवढं तपासलं. तुम्हाला तपासायचं मनात आलं नाही."

नागाप्पांना त्यातलं काही उमगलं नाही. इतक्यात चिमणाबाई बाहेर आल्या. पर्समधून पैसे काढत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "सगळं पुसलं न्हवं?"

रक्षिता दारापाशी थांबली. शशिधरकडं तेवढी एक संधी होती. सांगायचं होतं की मशीन पुसतं, पण मी बघतो, पहिल्या दिवसापासून बघतोय, आणि तुमची गाठ मला ठाऊक आहे, आता थांबू नका, डॉक्टरकडं जा. त्यानं तोंड उघडलं.

"काय बी राहत न्हाय, बाई," त्याच्या तोंडून आलं.

चिमणाबाई पदर सावरत उतरल्या. रक्षिता त्यांच्या मागोमाग गेली, येते असंही न म्हणता. डाळीची पिशवी काउंटरवरच राहिली. संध्याकाळी भूमिकानं ती कुणाची म्हणून विचारलं आणि त्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं. ही डाळ मी शिजवणार नाही, एवढंच ती म्हणाली. त्याच आठवड्यात त्यानं ते सॉफ्टवेअर काढलं आणि पाटीही उतरवली. विचारणाऱ्यांना रंग उडालाय म्हणून सांगितलं. चिमणाबाईंना गाठायचं म्हणून दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा परत आला.

लग्नपत्रिका घेऊन सोमशेखर स्वतः आले, तेही भर गल्लीत, चार जणांदेखत. हे जमलं ते शशिधरनं पोरीची ग्वाही दिली म्हणून, तेव्हा मध्यस्थाचा फेटा त्याचाच, असं त्यांनी जाहीर केलं. लग्न जुळवणाऱ्याला मांडवात फेटा बांधायची आमच्याकडं रीत आहे. शशिधर म्हणाला, जमणार नाही, कॅफे कोण बघणार. सोमशेखरांचा चेहरा बदलला. ज्यानं ग्वाही दिली तोच लग्नाला येत नाही म्हणतोय, मग त्याला काही कळलंय का, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत अगदी स्वच्छ वाचता येत होता. इथंही गप्प राहिलं किंवा न गेलं तर ते त्या पोरीच्याच अंगावर येणार होतं. येतो म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

उचगावच्या मांडवात त्याचं नाव लाउडस्पीकरवर पुकारलं. भूमिका बायकांत बसली होती, ती जागची हलली नाही. शशिधर व्यासपीठावर चढला. सोमशेखरांनी त्याच्या डोक्याला गुलाबी फेटा गुंडाळायला घेतला आणि माइकमध्ये सांगितलं की ह्या माणसाचं लक्ष होतं म्हणून आम्हाला अशी सून मिळाली, प्रत्येक गावात असा एक भरवशाचा माणूस पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागाप्पांनी हात जोडले. फेट्याचा एकेक वेढा बसत होता आणि शशिधरला मान हलवता येत नव्हती.

रक्षिता चार हात अंतरावर उभी होती, कपाळाला बाशिंग, हातात हार. ती आपल्याकडं रागानं बघेल, असं त्याला वाटत होतं. तसं तिनं बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या दिवशी काउंटरच्या आत वळवली होती तशीच मान वळवली.